भाषेसाठी कागद मागितले आणि दादाचा चेहराच उतरला

मंडळी, दुपारपासून डोक्यात एकच गोष्ट घोळतेय, म्हणून लिहिते.

कायद्याच्या मराठीचा अभ्यास चाललाय माझा. कोर्टाचे निकाल नेटवर ढिगानं मिळतात. पण खरेदीखत, वाटणीपत्र असल्या साध्या माणसांच्या कागदांचा संग्रह काही सापडेना. नांदेडातल्या ओळखीच्या वकिलांनीही हात वर केले. म्हटलं, आपल्याच घरापासून सुरुवात करू. सकाळच्या एसटीनं भोकरजवळच्या माहेरी गेले.

"दादा, शेताचे जुने कागद दाखव ना, फोटो काढते."

दादानं तोंडाला लावलेला चहा खाली ठेवला. वहिनी स्वयंपाकघरातून दारात येऊन उभी राहिली.

"कागद कशाला पाहिजेत गं? वाटणी मागून राहिलीस का?"

मला हसूच आलं. समजावलं, नावं, गट नंबर सगळं झाकून टाकीन, मला फक्त भाषा बघायचीय. 'राजीखुशीने लिहून देतो' हे शब्द कुठं कुठं येतात, ते शोधायचंय.

दादानं वहिनीकडे पाहिलं. मग म्हणाला, "हाव, देतो की सगळे. पण आधी तू जमिनीचं हक्कसोडपत्र लिहून दे. त्याचाबी फोटो काढ."

तो चेष्टा करत नव्हता.

रिकाम्या हातानं परतले. सही केली असती, तर त्या कागदातही 'राजीखुशीने'च लिहिलं असतं.

तुमच्या घरातही एखादं हक्कसोडपत्र असेल. ते लिहून देणाऱ्या आत्याला, बहिणीला कुणी विचारलं होतं का, "राजी आहेस का गं?"