एका रेषेतले खांब

हिंगणी गावाच्या अलीकडे बायकोच्या वाट्याला आलेली एक लहानशी बाग आहे. तिच्याभोवती बायकोच्या वडिलांनी रचलेली दगडांची भिंत आहे. जमीन साफ करताना जे काळे दगड निघाले तेच त्यांनी कडेला रचत नेले. सिमेंट नाही, चुना नाही. भिंत कुठे कमरेएवढी, कुठे गुडघ्याच्या जरा वर, आणि सरळ अशी कुठेच नाही. मी नोकरीभर बांधकामांवर देखरेख केलेला माणूस. दुसऱ्यांच्या भिंती सरळ आहेत की नाही हे पाहण्याचाच मला पगार मिळायचा. निवृत्तीनंतर आम्ही तिथल्याच लहानशा घरात राहायला आलो, आणि बागेत खुर्ची टाकून बसलो की ही भिंत डोळ्यांत खुपायची.

त्या भिंतीला हात घालायची संधी मला रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, दिली. जंगल जवळच असल्याने दिवाळीनंतर ते बागेत उतरू लागले. घोड्याएवढं जनावर, पण भिंत अशी ओलांडायचं की एक दगड हलायचा नाही. सकाळी पाहावं तर वांग्यांची नुसती खुंटं उभी. बायको म्हणाली, "जाळी लावून टाकू." मी म्हणालो, "लावू, पण पद्धतशीर."

पद्धतशीर म्हणजे मी आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. भिंतीच्या माथ्यावर लोखंडी अँगलचे बावीस खांब उभे करायचे आणि सगळ्यांची टोकं एका रेषेत आणायची. भिंत जिथे बुटकी तिथे खांब लांब, जिथे उंच तिथे आखूड. प्रत्येक खांबाची लांबी मी वेगळी लिहिली. सेलूच्या लोखंडवाल्याने यादी दोनदा वाचली आणि म्हणाला, "साहेब, एकही माप सारखं नाई?" मी त्याला समजावून सांगितलं. त्याने समजल्यासारखी मान हलवली.

कामाला गावातलाच एक म्हातारा मिस्त्री आला. त्याने भिंतीच्या कडेने एक फेरी मारली, दोन-चार दगड हाताने हलवून पाहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमी मले वळखलं नाई वाट्टे. तुमी माही एक भिंत पाडली होती, साहेब. शाळेच्या कामावर. अर्धा इंच बाहेर गेलती."

मला आठवलं नाही. अशा बऱ्याच पाडल्या होत्या. पण मी म्हणालो, "हो, आठवलं."

"बरोबर होतं तुमचं," तो म्हणाला. "गेलतीच बाहेर."

त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच अवघडल्यासारखं झालं. मी घाईने नकाशा उघडला. त्याने तो नीट पाहिला आणि म्हणाला, "इथले दगड नुसते एकावर एक बसले आहेत. यायच्यावर खांब नाई धरणार. आतून जमिनीत गाडू, भिंतीले लागून."

"मग टोकं वर-खाली होतील. वाकडं दिसेल."

"वाकडी तं भिंतच आहे नं."

मी ऐकलं नाही. दगडांना भोकं पाडायला ड्रिल मशीन भाड्याने आणलं. पहिल्याच दगडाचे दोन तुकडे झाले. मिस्त्रीने ते उचलून बाजूला ठेवले आणि दुसरा दगड दाखवला. संध्याकाळपर्यंत चार खांब उभे राहिले. तिसऱ्या दिवशी बावीसच्या बावीस झाले. पातळी पाहायची पाणी भरलेली नळी लावून मी टोकं तपासली. सगळी एका रेषेत. बायकोला बोलावून दाखवली. तिने खांबांकडे पाहिलं, मग खालच्या दगडांकडे पाहिलं आणि म्हणाली, "जाळी ताणून पाहा आधी."

चौथ्या दिवशी जाळी ताणली. कोपऱ्यातला खांब आत झुकला, त्याच्या पायाखालचा दगड फिरला, आणि त्याच्यामागे आठेक फूट भिंत शांतपणे बसली. फार आवाजही झाला नाही. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही तिघं उभे होतो. मिस्त्रीने खिशातून तंबाखूची डबी काढली.

बायको वळून निघाली तेव्हा ती चहा करायला घरात गेली असेल असं मला वाटलं. ती पदर खोचून आली आणि दगड वेगळे करू लागली. मोठे एकीकडे, बारीक चिपा एकीकडे. लहानपणी वडिलांच्या हाताखाली तिने हेच केलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने हे सांगितलं नव्हतं, किंवा मी विचारलं नव्हतं. मी एक दगड उचलून बसवला. तो डुगडुगला.

"काऊन दाबून राह्यले त्याले?" ती म्हणाली. "फिरवून पाहा. बसाची बाजू त्याची त्याले माहीत राह्यते."

फिरवला. तिसऱ्या खेपेला तो बसला. मला विलक्षण आनंद झाला, पण तो दाखवण्यासारखी परिस्थिती नव्हती.

दोन दिवसांत भिंत उभी राहिली, होती तितकीच वाकडी. मग मिस्त्रीने आतल्या बाजूने खड्डे खोदले आणि खांब भिंतीला टेकवून काँक्रीटमध्ये रोवले. माझी मापं आता कुठेच जुळत नव्हती, तेव्हा हाताला येईल तो अँगल घेतला आणि भिंतीच्या वर सारखाच उरेल इतका खोल गाडला. प्रत्येक खांब ओळंब्यात सरळ, पण टोकं भिंतीसारखीच चढत-उतरत गेलेली. आठवडाभराने रोही आले, बाहेर थोडा वेळ उभे राहिले आणि पलीकडच्या शेतात गेले.

त्या शेताचे मालक, एक निवृत्त मास्तर, दुसऱ्याच दिवशी सकाळी हजर. कुंपण निरखून म्हणाले, "जमिनीच्या चढ-उताराप्रमाणे नेलं आहे. अनुभवी माणसाचं काम वाटतं. कुणाची कल्पना?"

उरलेल्या कामासाठी आलेला मिस्त्री जवळच घमेलं धूत होता. बायको मेथी खुडत होती. मी म्हणालो, "जागा पाहून निर्णय घ्यावा लागतो."

मिस्त्री घमेलं धूतच राहिला. मास्तरांनी त्यांच्या कुंपणावर मी देखरेख करावी अशी विनंती केली आणि मी विचार करून सांगतो म्हणालो. ते गेल्यावर बायको मेथीतून मान वर न काढता म्हणाली, "त्यायले मिस्त्रीचा नंबर देऊन देजा."

मी तो दिला. तरी मास्तर अजून भेटले की 'साहेब, कुंपणाची कल्पना तुमचीच' असं म्हणतात, आणि मी त्यांची चूक दुरुस्त करत नाही.