हिरवी वायर

ही हकिकत सांगायची मी आठ वर्षं टाळली.

आमचा वायरमन कामाआधी मेन स्विच बंद करायचा आणि त्यावर पुठ्ठ्याची पाटी अडकवायचा: ‘वर माणूस आहे.’ पुण्यात पाट्यांना तोटा नाही, पण इतकी नम्र पाटी तुम्हीही पाहिली नसेल.

मग टेस्टर. आधी तो जिन्यातल्या चालू प्लगमध्ये घालून पाहायचा, मग बंद केलेल्या वायरीला लावायचा, मग पुन्हा प्लगमध्ये.

“अहो, टेस्टरवर तरी भरवसा ठेवा.”

“काका, तुमच्यावर ठेवत नाय, त्याच्यावर कसा ठेवू?”

फाटकाजवळच्या लोखंडी खांबावर, माणूस आला की आपोआप लागणारा दिवा होता. तो बिघडला, तेव्हा त्यानं सगळ्या वायरी नव्या टाकल्या, झाकणाखाली रबर बसवलं आणि एक हिरवी वायर खांबाला जोडली.

“ही कशाला?”

“अर्थिंग. खांबात करंट उतरला तर ही जमिनीत नेती. बिनकामाची दिसती, पण हिला हात लावू नका.”

निवृत्त हेडक्लार्कला असं सांगू नये. दिवा मांजर गेलं तरी लागायचा आणि बराच वेळ जळत राहायचा. वेळ कमी करायला मीच स्टुलावर चढलो. हिरवी वायर आड येत होती. कापली. टोकाला घरातली औषधाची चिकटपट्टी गुंडाळली. रबर परत बसेना, ते तसंच सोडलं. वर स्वतःवर खूश झालो.

पावसात पाणी आत गेलं, खांबात करंट उतरला. फाटक लावताना माझ्या बायकोचा हात खांबाला लागला आणि ही फेकली गेली. मनगट मोडलं.

“काम कोणी केलं होतं?” सोसायटीच्या अध्यक्षांनी विचारलं. मी त्याचं नाव सांगितलं.

तो आला. पाटी, टेस्टर, सगळं सावकाश. झाकण उघडून चिकटपट्टीकडे बघत राहिला. मग खाली माझ्याकडे बघितलं. शेजारी ही उभी होती, हात गळ्यात बांधलेला.

“माझीच चूक, साहेब,” तो अध्यक्षांना म्हणाला. “वायर सुटी राहिली.” चिकटपट्टी त्यानं मुठीत दडवली.

आमच्या तीन इमारतींवर त्याचं घर चालायचं. तिन्ही सुटल्या.

पुढे एकदा हडपसरच्या बसस्टॉपवर भेटला. “काकूंचा हात कसा हाय?”

“बरा आहे,” म्हणालो. तेवढंच.

गेल्या महिन्यात धीर केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून फोन लावला. त्याच्या बायकोनं उचलला.

“ते गेले हो, दिवाळीआधी. आजारी होते. काय काम होतं का?”

कागद समोरच होता.

“नाही,” मी म्हणालो. “काम काही नव्हतं.”