पुनवेच्या भरतीला आमोण्यात

"दादाला घेऊनच ये," असं आईचं फर्मान निघालं आणि मी बेळगावहून गोव्याची बस धरली. लोक गोव्याला समुद्र बघायला जातात, मी थोरल्या भावाला, सदाला, आणायला निघाले होते. तरुणपणी वेल्डिंगच्या कामाला म्हणून तो मांडवीकाठच्या आमोण्याला गेला, तो तिकडचाच झाला. लग्न नाही, स्वतःचं घर नाही. आता त्याचे गुडघे कुरकुरतात, आई थकली आहे, आमच्याकडे वरची खोली रंगवून तयार आहे. मग एकट्यानं तिथे भात शिजवत कशाला बसायचं? माझं म्हणणं सरळ होतं आणि चोर्ला घाटभर मी ते मनात घोळवत होते.

घाटासाठी हे दिवस फार छान. पाऊस सरलेला असतो, पण डोंगर अजून हिरवेगार असतात. फक्त पोटभर खाऊन बसू नका. मी दोन डोसे हाणून बसले होते आणि वळणावळणाला पस्तावले. साखळीला उतरून दुसरी बस घ्यायची, तिकीट किरकोळ असतं. मधल्या वेळात स्टँडजवळ पातळभाजी आणि उंडे खाऊन घ्या. उंडो म्हणजे कडक सालीचा गोल पाव. भाजीत बुडवल्याशिवाय तो दाताला दाद देत नाही.

दादा आमोण्याच्या फाट्यावर उन्हाला छत्री धरून उभा होता.

"सुमे, वजन वाढलंय की तुझं."

"तुझं वाढवायलाच आलेय. घरी चल."

त्यानं माझी पिशवी उचलली आणि तो चालू लागला.

संध्याकाळी आम्ही नदीकाठानं रमतगमत फिरलो. एका बाजूला पिकून पिवळी झालेली भातशेती, दुसऱ्या बाजूला रुंद, संथ मांडवी. काठावर बार्ज बांधायचे कारखाने. आधी इथे लाकडी होड्या व्हायच्या, मग खाणींचा माल वाहायला लोखंडी बार्ज आले. खाणी थंडावल्या तशी कारखान्यांची ठोकठाकही कमी झाली. एका जुन्या बार्जच्या डेकवर चक्क गवत माजलं होतं आणि त्यावर बगळे बसले होते. दादा प्रत्येक बार्जपाशी थांबून, हा कुठला, ह्याच्यावर कोण कामाला होतं, ते सांगत होता. मला एरवी कंटाळा आला असता, पण वारा गार होता आणि घाई कसलीच नव्हती.

शेवटच्या कारखान्यात लाकडांवर एक नवीकोरी बोट उभी होती. पांढरी, वर निळा पट्टा.

"ही माझी," दादा म्हणाला. "म्हणजे मालक दत्तारामबाब. पण तळाच्या पत्र्यापासून बांधली मी. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली केलं, पूर्ण बोट ही पहिलीच. उद्या कोजागिरी. पुनवेच्या भरतीला पाणी इथवर चढतं, तेव्हाच उतरवायची. हुकली तर अमावास्येपर्यंत थांबा. आणि उद्या नीट उतरली, तर दत्तारामबाब पुढची बोट पण मलाच देणार."

"आणि नाही उतरली तर?"

"तर तुझ्याबरोबर बेळगाव." त्यानं बोटीवरून हात फिरवला. देवाशप्पथ सांगते, बोट अडकावी असं एक क्षण मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काठावर निम्मा गाव जमला. बोटीला झेंडूच्या माळा, तळाखालच्या लाकडांना ग्रीस फासलेलं, पाणी टोकाला येऊन भिडलेलं. आता ढकलणार, तोच दत्तारामबाबांचे वयस्क काका नारळ घेऊन पुढे झाले आणि त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाणं म्हणजे गावातल्या एकेका देवाला नाव घेऊन विनवणी, आणि प्रत्येक विनवणीला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. बेताळ झाला, सातेरी झाली, केळबाय झाली. मग राखणदार, मग नदी, मग वाटेवरचा वड. काकांना कसलीही घाई नव्हती. काठावरच्या दगडावर मात्र पाण्यानं ओली रेघ सोडली होती आणि पाणी तिच्या खाली गेलं होतं.

"दादा, ओहोटी लागली की रे! सांग ना त्यांना."

"गप्प बस की. गाऱ्हाणं मधे तोडत नाहीत."

"अरे, तुझी बोट..."

"सुमे, गप्प."

तेवढ्यात काकांनी आवाज चढवला. "आनी म्हाराजा, ही बोट जाणें बांदली तो सदा, बेळगांवचो जालो तरी आमचोच. ताचे यल्लम्माक आमचो नमस्कार. ताका सांबाळ, ताच्या हातांक सांबाळ!"

"व्हय म्हाराजा!" सगळा काठ दणाणला. दादानं हात जोडले होते, मान खाली. त्याच्या नाकावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं.

नारळ फुटला, आधार काढले. बोट घसरली आणि अर्ध्यात अडली. पाणी खरंच कमी पडलं होतं. मग सगळे कमरेइतक्या चिखलात उतरले, दत्तारामबाब झिलईदार शर्टासकट. मी चपला काढल्या आणि घुसले. "मिस्त्री, सांग!" असं सगळे दादाला ओरडत होते. त्यानं हाळी दिली, आम्ही रेटलं, पुन्हा रेटलं, आणि बोट सुळकन पाण्यात गेली. मी "व्हय म्हाराजा!" म्हणून किंचाळले, तेव्हा बायका माझ्याकडे बघून पोट धरून हसल्या.

संध्याकाळी पाय धुताना दादा म्हणाला, "बोल आता, काय बोलायचंय ते."

घाटभर घोळवलेलं सोडून मी म्हणाले, "टाचेला चिखल राहिलाय तुझ्या." खरं सांगते, मला राग आला होता. आनंदही झाला होता, पण आधी राग. आमच्या माणसाला कुणीतरी भर काठावर, देवांच्या साक्षीनं "आमचो" म्हणून मोकळं झालं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

घरी आल्यावर आईनं माझ्यामागे दाराकडे बघितलं. मी एकटीच होते. सगळं सांगितलं, चिखलासकट.

"त्याचं नाव घेतलं देवापुढं?"

"घेतलं."

"आपल्या यल्लम्माचं पण?"

"तिचं पण."

तिनं गुडघे चोळले. मग म्हणाली, "आता त्याला आणायला जाऊ नको. मला ने तिकडं."

आईला गाडी लागते. तेव्हा ह्या वेळी सल्ला मीच मागते: म्हाताऱ्या माणसाला चोर्ल्यातून कुणी नेलं असेल, तर कधी निघावं आणि कुठे कुठे थांबावं, तेवढं कळवा.