गुलालाच्या दिवशी पुढचा भाग

कोरियन लोकांनी माझा जीव खाल्ला असं सांगितलं तर आमच्या गावात कुणी खरं मानणार नाही. पण खाल्ला. आमचं गाव मांडवगण फराट्याच्या अलीकडं. तिथून कोरेगाव भीमाच्या कंपनीत जाणाऱ्या बसमध्ये मी आणि माझा दोस्त शेजारीशेजारी बसायचो, शाळेच्या बाकापासूनची सवय. मोबाईल त्याचा. इअरफोनचं एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या. हिंदीत डब केलेली कोरियन मालिका, लई विनोदी. चाळिशीतले दोन मित्र एका खोलीत राहतात, दिवसभर भांडतात, एकाच पातेल्यातून नूडल्स ओरपतात. आणि एकाला रडू आलं की दुसरा सरळ मिठी मारतो, वर म्हणतो, तू नसलास की मला करमत नाही.

"आयला, असं कुनी तोंडावर म्हनतं व्हय!" दोस्त खिदळायचा. ड्रायव्हरमामा आरशातून बघायचे. "येडी झाली का काय ही दोघं?" आमचा ठराव एकच होता, एकट्यानं पुढचा भाग बघायचा नाही.

मग ग्रामपंचायत लागली. त्याचा चुलता एका पॅनेलमध्ये, माझा चुलत भाऊ समोरच्यात, वॉर्डही एकच. आमच्याकडं दोन पॅनेल समोरासमोर उभी राहिली की बोलणं बंद, फुटल्याचा संशय नको म्हणून. "त्याच्याशेजारी बसलेला दिसलास तर बघ," भाऊ म्हणाला. तिकडं त्यालाही हेच ऐकवलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी तो बसमध्ये पार मागं जाऊन बसला.

मालिका तर ऐन मोक्यावर अडकलेली. दोघांचं भांडण होऊन एक जण बॅग घेऊन दाराबाहेर पडलेला. पुढं काय? मी माझ्या मोबाईलवर तो भाग काढायचो, बोट न्यायचो, मागं घ्यायचो. बसमध्ये सारखी मान वळवावीशी वाटायची. घरात एका जागी बूड टेकेना. बायको वैतागून म्हणाली, "पायाला भिंगरी लागलीय का तुमच्या?" मला काळजी मालिकेची नव्हती. निवडणूक संपल्यावर तरी तो बोलंल का, याची होती. पॅनेलवरून धरलेला अबोला न सोडता म्हातारी झालेली माणसं आहेत आमच्या गावात. एकमेकांच्या मयतीलासुद्धा जात नाहीत. मला तसलं म्हातारं व्हायचं नव्हतं.

भाऊ निवडून आला. शिरूरहून निकाल घेऊन गाड्या आल्या, डीजे लागला, गुलाल उधळला. मिरवणूक वळली ती थेट पडलेल्याच्या घराकडं. रिवाजच तसा, त्याच्या दारात डीजे थांबवायचा आणि आवाज वाढवून नाचायचं. दोस्ताचं आणि त्याच्या चुलत्याचं घर एकच. दार लावलेलं. पोरांनी मला पुढं ढकललं. "नाच की!"

मी सरळ जाऊन दार वाजवलं.

"आरं, डोकं फिरलं का तुझं?" भाऊ मागून ओरडला. चाचींनी, म्हणजे दोस्ताच्या आईनं, दार उघडलं. माझं लालभडक तोंड बघून त्यांचा चेहरा पडला. "आता घरात उडवायला आला व्हय?"

"न्हाई चाची. तोंड धुवायला पानी पायजे."

दोस्त मोरीपाशीच उभा होता. त्यानं तांब्या भरून दिला. मी तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. शेवटी म्हणालो, "तो बॅग घिऊन गेला व्हता, त्याचं काय झालं आसंल?"

"आला परत."

"म्हंजी? तू बघितलास?"

"समदं बघितलं. शेवटपर्यंत."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "हरामखोरा! मी हितं तडफडतोय, बोट लावलं न्हाई मोबाईलला, आन् तू..." चाची दचकून बघायला लागल्या.

तो ओल्या फरशीकडं बघत राहिला. "समदं बघितलं, पर येकदाबी हसू आलं न्हाई," तो म्हणाला. "तू नसलास की करमत न्हाई रं."