ओळख ना पाळख

गल्लीत तिला सगळे आत्या म्हणत. वाटेत कुणीही भेटो, त्याच्याशी चार शब्द बोलल्याशिवाय आत्याला पुढे जाववत नसे. म्हणूनच तिला एका संशोधनासाठी नशा करणाऱ्यांच्या मुलाखती घेण्याचं काम मिळालं होतं. मुलाखतीला आलेले लोक तिच्यापुढे मन मोकळं करत आणि ती प्रत्येकाला शब्द देई, "तुमची ओळख या खोलीबाहेर जाणार नाही."

एकदा ती पोलिसात असलेल्या भावाबरोबर औषधाच्या दुकानासमोर रांगेत उभी होती. मागे एक रंगारी येऊन उभा राहिला. आपण नशेसाठी सुया टोचून घेतो, हे त्याने तिला आदल्याच दिवशी मुलाखतीत सांगितलं होतं. आत्याने झटकन मान फिरवली आणि तोंडाला कुलूप लावलं.

भावाच्या ते लगेच लक्षात आलं. "आज गप्प कशी तू? ओळखतेस का त्याला?" असं विचारत तो रंगाऱ्याच्या लांब बाह्यांकडे निरखून बघू लागला.

आत्याने गप्प बसणं म्हणजे बोंब मारण्यासारखंच होतं. ती गर्रकन मागे वळली आणि रंगाऱ्यावर कडाडली, "अहो, अंगावर काय येताय? रांग दिसत नाही का?"

रंगारी क्षणभर गोंधळला. मग त्याने एकवार भावाकडे पाहिलं आणि तोही खेकसला, "रांग काय तुम्ही विकत घेतलीय, बाई?"

भाऊ हसून पुढे सरकला.

"ओळख ना पाळख," तो म्हणाला, "आणि भांडतेस कसली गं?"