आधी कडबा, मग घोडं

दहा मार्च, मंगळवार. खोगिराला एरंडेल चोळणे. गिरणीशेजारच्या कोठीत मिरचीकांडप बसवायचं आहे, त्यामुळे तात्यांचं सामान हलवायला हवं. चामडं कोरडं पडलंय, एका बाजूला बुरशी आहे. शिवण मात्र अजून पक्की.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. ईट गावातली ही पिठाची गिरणी त्यांची. आता मी चालवते. सगळं गाव त्यांना ‘स्वार’ म्हणायचं, आणि हा स्वार जन्मभर पायी हिंडला. सायकलसुद्धा घेतली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, “एकदम घोडंच घेणार हाय. मधी कशाला खर्च?”

हे वेड माझ्या आईवडिलांच्या लग्नातलं. वरातीत नवरदेवापुढं घोड्यावर बसवायला घरातलं लहान पोर हवं होतं, ते तात्या. वरात संपली तरी खाली उतरेनात. शेवटी थोरल्या बहिणीनं, माझ्या आत्यानं, ओढून काढलं आणि समजूत घातली, “रडू नगं. मोठा झालास की घोड्यावर बसून माझ्या दारात ये. घोड्याच्या पायावर पाणी घालीन, भाकरतुकडा ओवाळीन.” आत्या पुढे तेरखेड्याला दिली. ती बोलून विसरली असती. तात्या विसरले नाहीत.

पण माणूस उतावळा नव्हता. लोक आधी जनावर आणतात, मग दावं शोधतात. तात्यांचं उलटं. “घोडं एकदाच इकत घ्यावं लागतं. त्याचं पोट रोज घ्यावं लागतं,” असं म्हणायचे. म्हणून आधी वर्षाचा कडबा रचायचा, हरभरा भरायचा, नालांचे पैसे बाजूला काढायचे, आणि उरलं त्यात घोडं. सामानही असंच सावकाश आलं. एका दसऱ्याला लगाम, नंतर कधीतरी रिकिबी, मग तोंडाला बांधायचा, चंदीच्या दाण्यांचा तोबरा. बार्शीहून खोगीर करून आणलं त्या दिवशी गव्हाच्या पोत्यावर टाकून त्यावर बसले आणि दळणाला आलेल्या बायकांना म्हणाले, “सरका, सरका. लाथ मारंल.”

त्यांच्या खर्चात एक बाब फटाक्यांची होती. मी विचारलं, “तात्या, घोड्याला फटाके कशाला?”

“तेरखेड्यात फटाक्याचंच काम. कवा बार उडंल नेम हाय का? आक्काच्या दारात घोडं उधळलं तर इज्जत काय राहिली? हितंच सवय लावायची.”

हे मात्र मला पटलं.

अडायचं ते कडब्यावर. दर साली गंजी लागायची आणि उन्हाळा आला की कुणीतरी दारात यायचं. कुणाची गाभण म्हैस, कुणाची बैलजोडी. तात्या चार पेंढ्या काढून द्यायचे, मग आणखी चार. पावसाळ्याच्या तोंडाला गंजीच्या जागी नुसता पाचोळा. मी चिडायचे. “तात्या, अशानं घोडं यायचं न्हाय तुमचं.”

“जे हाय ते उपाशी मारायचं, अन् जे न्हाय त्याच्यासाठी राखायचं व्हय गं?”

आत्याही भेटली की सोडायची नाही. “काय स्वार, घोडं कुठं बांधलंस?”

“येतंय आक्का. कडबा खाऊन येतंय.”

“कडबा तर गाव खातंय!”

मग एक साल असं आलं की पाऊस भरपूर झाला आणि कडबा मागायला कुणी आलंच नाही. गंजी जागच्या जागी राहिली. तात्या आणि मी माळेगावच्या जत्रेला गेलो, खोगीर बरोबर घेऊन. भाव करायला मी. एक तांबडी घोडी त्यांच्या मनात भरली. त्यांनी अंगावरचे केसांचे भोवरे बघितले, दात बघितले. मी भाव खाली आणला. घोडी हिशेबात बसली. खोगीर घोडीवर बसलं. व्यापारी म्हणाला, “चढा मालक.”

तात्यांनी डावा पाय रिकिबीत घातला आणि तिथंच थांबले. अंग वर उचलेना. व्यापाऱ्यानं खालून टेकू दिला, मी दंड धरला. पुन्हा एकदा बघितलं. घोडी शहाणी, जागची हलली नाही. उभ्यानं दळण दळून दळून गुडघ्यांत काही उरलं नव्हतं. तात्यांनी पाय काढून घेतला आणि तिच्या मानेवरून हात फिरवला.

“समदं हिशेबात धरलं होतं गं,” ते म्हणाले. “गुडघे धरायचे राहिले.”

“घेऊ या तरी,” मी म्हटलं. “दारात उभी राहील.”

“उभं करायला घोडं घेत नसत्यात. तिला पळू दे.”

परत येताना खोगीर मांडीवर घेऊन बसले होते. त्या उन्हाळ्यात गंजी त्यांनी स्वतःहूनच वाटून टाकली. तेरखेड्याला जायचे ते एसटीनं. आत्यानं त्यानंतर घोड्याचं नाव काढलं नाही. पुढे तात्या गेले.

पहिल्याच साली उसना कडबा घेऊन घोडं आणायला हवं होतं, असं मला आता वाटतं. गावानं आनंदानं दिला असता. पण दुसऱ्यानं मागितलेलं तात्यांना कळायचं. आपण मागावं हे त्यांना कधी सुचलंच नाही.

वरातीचा एक घोडेवाला खोगीर विकत मागतो आहे. भाव बरा देतोय. त्याला नाही म्हणून कळवलं.

बुधवारी सकाळी गिरणी बंद ठेवली, खोगीर जीपच्या टपावर बांधलं आणि तेरखेड्याला गेले. आत्याच्या पायरीशी उतरवून ठेवलं. आत्याला आता नीट दिसत नाही. तिनं चामड्यावर हात फिरवला, रिकीब चाचपली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा एका हातात भाकरीचा तुकडा होता, दुसऱ्यात तांब्या. पायरीपुढच्या मोकळ्या जमिनीवर तिनं पाणी घातलं. थोडं इथं, मग थोडं पलीकडं, घोड्याचे पाय असते तिथं तिथं. तीन जागी घालेपर्यंत तांब्या संपला.

मी आत जाऊन भरून आणला.