सासूबाईंची लाल माती आणि समोरचा डोंगर

परवा रविवारी सासरवाडीला गेलो होतो. कळवणच्या पुढे, डोंगरात. मेव्हण्याच्या मुलीचं लग्न आलंय, म्हणून बायको, आमची लेक ओवी आणि मी कामाला हातभार लावायला. निघताना पंचवटीतून गेरूची चांगली मोठी पिशवी घेतली आणि स्वतःवरच खूश झालो... जावई असावा तर असा!

त्याचं असं आहे, तिकडे लग्नघराची पुढची भिंत लाल मातीनं सारवतात आणि वर तांदळाच्या पिठानं चौक काढतात. ही माती सासूबाई घाटातल्या एका ठरलेल्या जागेवरून आणतात. त्यांच्या लग्नाला तिथलीच, माझ्या बायकोच्या लग्नालाही तिथलीच.

सासूबाईंनी माझी पिशवी उघडली, चिमूटभर गेरू बोटांत चोळला आणि म्हणाल्या, "कुंड्यांना लावा, जावईबापू." विषय संपला. बायको आणि ओवी तोंड फिरवून हसत होत्या.

मग काय... घमेलं, कुदळ आणि सासूबाईंना गाडीत घेऊन आम्ही तिघंही घाटात निघालो. त्या वळणावर पोचलो तर जागाच गायब! दरड खाली येऊ नये म्हणून रस्त्याच्या कडेला चांगली उंच सिमेंटची भिंत उभी केलेली. माती तिच्या मागे.

त्यांच्या जागी मी असतो तर दोन शिव्या हासडल्या असत्या. सासूबाईंनी भिंतीवर नुसता हात फिरवला आणि गाडीत जाऊन बसल्या. "ऱ्हाऊ द्या. डब्यातला रंग आना."

सकाळी माझा गेरू नाकारणारी बाई डब्यातल्या रंगाला तयार झाली, हे ऐकून मला कसंतरीच झालं. बायको हळूच म्हणाली, मांडव, केटरर, डीजे सगळं पोरांनी ठरवलंय... आईला कोणी काही विचारत नाही. ह्या लग्नात तिचं म्हणून एवढंच एक काम होतं.

जवळच्या टपरीवर चहा घेतला. समोरच्या डोंगराकडे बघत बसलो. काळ्या कड्यांच्या पायऱ्या आणि त्यांच्या मधून गेलेला एक लाल पट्टा, लुगड्याच्या काठासारखा.

आता आमच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये एक दगडवेडा मित्र आहे. ट्रेकला जरा जेवणाचे डबे उघडले की ह्याचा लाव्हा सुरू! आपले डोंगर एका दमात झाले नाहीत म्हणे... लाव्हा पसरायचा, थंड व्हायचा, मग कितीतरी काळ सगळं शांत. तेवढ्या काळात वरच्या दगडाची माती व्हायची, आणि पुढचा लाव्हा येऊन ती भाजून लाल करायचा. हे थर जवळजवळ आडवे असतात. मधल्या दऱ्या पाण्यानं नंतर कापल्या.

आजवर आम्ही हे ऐकून सोडून द्यायचो. परवा मात्र चहा हातातच राहिला... म्हणजे भिंतीमागचा थर आणि समोरचा पट्टा एकच! आमचा रस्ता इथून ओढ्यापर्यंत उतरतो आणि पलीकडच्या डोंगरावर चढतो. चढत चढत तो पुन्हा ह्याच उंचीला आला की लाल माती भेटायलाच हवी.

मोबाईलमधल्या ट्रेकिंगच्या ॲपवर उंची बघून घेतली आणि सासूबाईंना सगळं समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "तवा मानसं नव्हती?" म्हटलं, माणसं कुठली, मामी! तर म्हणतात, "मंग कोनासाठी भाजली म्हनायची?"

मी चहाचे पैसे दिले. गाडी सुरू केली.

ओढा ओलांडला, चढ लागला. ओवी मोबाईल घेऊन उंची मोठ्यानं वाचत होती... आली, आली... आणि गेली! बाहेर नुसता काळा दगड. "झालं का संशोधन?" बायको. माझे कान तापले. सासूबाईंना उगाच आशा लावली, असं वाटायला लागलं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "थांबवा!" गाडी पुरती थांबायच्या आत सासूबाई दार उघडून खाली. पुढच्या वळणावर, करवंदीच्या जाळीखाली, लाल भडक ढेकळं सांडलेली. थर जवळजवळच आडवा ना, इकडे जरा वर सरकला होता. त्यांनी एक ढेकूळ फोडलं, बाटलीतल्या पाण्यानं भिजवून तळहातावर चोळलं, वास घेतला. "हीच." हसत होत्या आणि डोळ्यांत पाणी. खरं सांगतो, माझंही तेच झालं होतं.

दुपारी भिंत सारवली. येईल त्याला सासूबाई सांगत होत्या, जावयानं डोंगरावरची रेघ धरून माती काढली! केटररची चर्चा टाकून पोरंसुद्धा बघायला आली.

निघताना त्यांनी त्याच मातीचा एक गोळा ओवीच्या हातात दिला. मी म्हटलं, आठवण म्हणून का, मामी?

"आठवन कशाला? नमुना हाय. हिच्या लग्नाला रंग जुळवून बघा. मी असंन नसंन... रेघ हाय ना."

गाडी निघाली. ओवी मागच्या काचेतून तो पट्टा दिसेनासा होईपर्यंत बघत होती.

दगडवेड्या मित्रा, पुढच्या ट्रेकला तू बोल, मी ऐकतो. गेरू कुंड्यांना लावलाय, छान दिसतोय. आणि तो गोळा मी कपाटात वरच्या कप्प्यात, दागिन्यांच्या शेजारी ठेवलाय.